मोतीलाल अमृतकार, जेवण, लीलाधरकडे

लीलाधर कोठावदे करून पाहिल्याशिवाय काही लिहीत नाही. धुळ्याच्या आमच्या डाळीच्या पेढीत मी हिशेब पाहतो आणि तो पत्रव्यवहार पाहतो. देवपुरात आमची घरंही एकमेकांना लागून आहेत, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. इतक्या वर्षांच्या शेजारानंतरही हा त्याचा गुण म्हणावा की आजार, हे मला ठरवता आलेलं नाही.

मागे पेढीत आग विझवायचं लाल नळकांडं बसवलं. त्यावरच्या सूचना इंग्रजीत होत्या. शेठजींनी लीलाधरला त्या मराठीत लिहून भिंतीवर लावायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गोदामामागून धुराचा लोट निघाला. शेठजी अनवाणी धावले, हमाल धावले, मीही धावलो. लीलाधरने फाटक्या बारदानांचा ढीग पेटवला होता आणि एका हातात नळकांडं, दुसऱ्या हातात कागद धरून तो शांतपणे उभा होता.

“अरे, हे काय?” मी ओरडलो.

“नाना, पिन ओढायला किती जोर लागतो ते कळल्याशिवाय ‘पिन ओढा’ असं कसं लिहू?”

ती सूचना अजून भिंतीवर आहे. ‘पिन ओढा. पहिल्यांदा निघणार नाही. पुन्हा ओढा. चष्मा काढून ठेवा.’

अशा माणसाकडे अखिलने माहितीपुस्तिका लिहायचं काम दिलं.

अखिल म्हणजे आमच्या सुगनचंदशेठांचा नातू. पुण्याला संगणकाचं शिक्षण आणि थोडी नोकरी करून तो परत आला आणि त्याने पेढीसाठी एक प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव ‘याद’. उघडला की समोर काळा पडदा आणि त्यावर एक लुकलुकणारी रेघ, एवढंच. चित्रं नाहीत, माऊस नाही. ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं. ‘याद दाखव महिना’ लिहिलं की महिन्याचं कॅलेंडर तिथीसकट पुढे येतं. ‘याद टाक’ लिहून पुढे कोण, काय, कुठे आणि कधी एवढं लिहिलं, की त्या माणसाच्या मोबाइलवर काही दिवस आधी एक आठवण जाते आणि ऐन वेळी दुसरी. कुणी माल कधी उचलायचा, कुठलं विवरणपत्र कधी भरायचं, अमावास्येला बाजार बंद, हे सगळं त्यात बसतं. सूर्य कधी मावळणार हेही तो सांगतो, कारण अखिलच्या आजी राजकुंवरमाजी सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत, आणि ढगाळ दिवशी सगळ्या घराला गच्चीवर पिटाळतात.

हा प्रोग्राम जळगावच्या डाळवाल्यांनाही दाखवायचा, असं शेठजींच्या मनात आलं. दाखवायचा तर सोबत पुस्तिका हवी, आणि ती चांगल्या मराठीत हवी.

“काका, एकेक सोय घ्यायची, ती काय करते ते लिहायचं आणि खाली एक नमुना द्यायचा,” अखिलने सांगितलं. “नमुन्यात नाव काहीही टाका. अबक टाका.”

“अबक टाकून पाहिलं, अखिलभाऊ. मशीन म्हणतं, असा माणूस नाही.”

“हां, ते पार्टीयादीतलंच नाव घेतं. मग कुठलीही पार्टी घ्या.”

“आणि त्यांना मेसेज गेला तर?”

“जात नाही, काका. मेसेजचं अजून जोडलेलं नाही.”

हे तो सकाळी म्हणाला. संध्याकाळी त्याने मेसेजचं जोडून टाकलं आणि ते लीलाधरला सांगायचं विसरला. लोकांना आठवण करून देणारा प्रोग्राम लिहिणारा माणूस विसरतो कसा, यावर मी आजवर काही बोललेलो नाही.

लीलाधरने नाव निवडायला दोन दिवस घेतले. मग माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, “नाना, आपलं नाव पुस्तकात छापलेलं पाहून कुणालाही राग येऊ शकतो. तेव्हा असा माणूस पाहिजे, ज्याला माझा आधीच इतका राग आहे की आणखी यायला जागा नाही.”

“मोतीलालआबा?”

“तेच. आणि प्रसंग असा पाहिजे की जो कधीही घडणार नाही. म्हणजे गैरसमजाचा प्रश्नच नाही.”

त्याने टाइप केलं: ‘याद टाक मोतीलाल-अमृतकार जेवण लीलाधरकडे येता-रविवार’. मशीनने ओळ घेतली. पहिलं प्रकरण झालं.

मोतीलाल अमृतकार हे पारोळ्याचे अडते. आमच्या पेढीला तिकडून तूर आणि हरभरा येतो त्यातला बराच त्यांच्या आडतीतून येतो, म्हणून ते पार्टीयादीत. आणि ते लीलाधरच्या बायकोचे, सुगंधाबाईंचे, सख्खे थोरले भाऊ. पण या दोन घरांत बोलणं नव्हतं, आणि त्याचं कारण बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगावं लागेल.

आमच्याकडे जेवणाला दोनदा बोलवतात. आधी आवतन द्यायचं. मग त्या दिवशी पानं मांडली की माणूस पाठवून पुन्हा बोलवायचं, ‘चला, ताटं वाढली’. हे दुसरं बोलावणं आल्याशिवाय अब्रूदार माणूस घरातून उठत नाही. लीलाधरच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा मोतीलालआबा आदल्या रात्रीच येऊन मागच्या गल्लीत मावसभावाकडे उतरले होते. सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ते बसले. दुसरं बोलावणं द्यायला जायचं काम दोघांवर सोपवलेलं होतं, आणि दोघांनाही वाटलं की दुसरा गेला. पंगती उठल्या. चार वाजता आबा टोपी काढून न जेवता पारोळ्याच्या बसमध्ये बसले. त्यानंतर त्यांनी लीलाधरच्या दाराला पाय लावला नाही. लीलाधरने माफीची पत्रं लिहिली, आबांनी ती न उघडता परत पाठवली. धंद्याची पत्रं मात्र ते उघडत आणि उत्तरही वेळेवर देत.

तेव्हापासून सुगंधाबाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळत. भिंतीपलीकडून मला ते दिसायचं. ज्यांना भाऊ नाही त्या बायका असं करतात. यांचा भाऊ एसटीने तासाभरावर होता.

तर तो रविवार उजाडला. मी अंगणात पेपर वाचत होतो. लीलाधर बनियनवर पायरीला बसून नखं काढत होता. फाटकाशी रिक्षा थांबली आणि टोपी घातलेले मोतीलालआबा हातात पेढ्यांचा पुडा घेऊन उतरले.

लीलाधरच्या हातातून नखं काढायचं यंत्र पडलं.

“राम राम,” आबा म्हणाले. “तुम्हीन बलावं, मी उनू.”

“मी... हो. या ना, आबा. बसा.”

आबांनी खिशातून मोबाइल काढून समोर धरला. “पहिलं आवतन बुधवारले उनं. मी म्हंतं, पाहूत. दुसरं देतंस का नही ते पाहूत.” त्यांनी बोटाने पडदा सरकवला. “आणि आज सकाळी, मी धोतर नेसी ऱ्हायंतू, तव्हढ्यात दुसरं बी उनं. टाइमवर.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अहिराणी सोडून माझ्यासाठी शुद्ध बोलले, “नाना, माणूस सुधारतो बरं का.”

आवाज ऐकून सुगंधाबाई दारात आल्या. त्यांनी भावाला पाहिलं आणि त्या आत पळाल्या. आतून डबे उघडल्याचे, पडल्याचे आणि पुन्हा उघडल्याचे आवाज येत राहिले. त्या दिवशी त्यांच्याकडे मुगाची खिचडी होती. तासाभराने पानात वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि शिरा होता. आबा जेवले. हात धुताना म्हणाले, “काय वं सुगंधा, बरी शे ना?” त्यावर सुगंधाबाई रडल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, “बट्टी जराशी कडक झाली.”

संध्याकाळी लीलाधर भिंतीशी आला.

“नाना, तिला वाटतंय मी मुद्दाम बोलावलं. मला म्हणाली, ‘तुम्ही एवढं मनात ठेवलं आणि मला कळू दिलं नाही.’ आता तिला कसं सांगू, की तो नमुना होता म्हणून?”

“सांगू नकोस.”

“आणि आबांना कळलं तर? न बोलावल्याचा राग त्यांनी इतकी वर्षं धरला. खोटं बोलावल्याचा राग ते मरेपर्यंत धरतील. तिचा भाऊ पुन्हा जाईल, नाना. या वेळी माझ्यामुळे.”

“मग पुढच्या प्रकरणापासून नाव बदल.”

“ते बरं दिसत नाही. पुस्तकात नमुना एकच पाहिजे, नाहीतर वाचणारा गोंधळतो. आणि ती विचारतेय, ‘भाऊ परत कधी येणार?’”

पुढचं प्रकरण होतं ‘पुन्हा पुन्हा येणारे प्रसंग’.

त्यानंतर मोतीलालआबा दर रविवारी जेवायला येऊ लागले. लीलाधरने अखिलला मेसेजचं तोडायला सांगितलं नाही. उलट, रोज सकाळी ते चालू आहे ना याची तो खात्री करून घ्यायचा. आता त्याच्या दृष्टीने नमुना खरा झाला होता, आणि खरा झालेला नमुना शेवटपर्यंत खराच ठेवणं भाग होतं.

‘आधीपासून सूचना’ या प्रकरणात त्याने लिहिलं की प्रसंगाच्या पाच दिवस आधीपासून रोज आठवण देता येते. आबांना रोज मेसेज जाऊ लागला: ‘जेवणाला पाच दिवस राहिले’, ‘जेवणाला चार दिवस राहिले’. आबांनी त्याचा अर्थ असा लावला की या खेपेला काहीतरी मोठा बेत आहे. ते घरी अर्ध्या भाकरीवर राहू लागले. रविवारी आले तेव्हा त्यांची भूक पाहून सुगंधाबाईंना दुसऱ्यांदा कणीक भिजवावी लागली.

मग ‘पोच’ हे प्रकरण आलं. समोरचा माणूस ‘हो’ असं उत्तर पाठवेपर्यंत मशीन दर पाव तासाने आठवण देत राहतं, अशी ती सोय. आबांनी उत्तर पाठवलं नाही. आवतनाला फोनवरून ‘हो’ म्हणणं त्यांना उर्मटपणाचं वाटलं. ते गुरुवारी सकाळी एसटीने धुळ्याला आले, पेढीत शिरले आणि लीलाधरच्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, “हो.”

“काय हो, आबा?”

“रविवारी येसू. एव्हढंच सांगाले उनू.”

इतक्या लांबून आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय पाठवता येईना. लीलाधर त्यांना घरी घेऊन गेला. त्यांचा मोबाइल जेवतानाही दर पाव तासाने वाजत होता, कारण मशीनला ‘हो’ मिळालेलं नव्हतं.

‘सुट्टी आल्यास पुढे सरकवणे’ या प्रकरणात लीलाधरने आमच्या पेढीची सुट्ट्यांची यादी वापरली. त्या यादीत रविवार ही सुट्टीच. मशीनने जेवण सोमवारी सरकवलं. सोमवारी दुपारी आबा ठरल्याप्रमाणे ‘लीलाधरकडे’ आले, आणि लीलाधर त्या वेळी पेढीत असल्यामुळे पेढीत आले. मागोमाग सुगंधाबाई पातेलं फडक्यात बांधून रिक्षाने आल्या. गादीवर पेपर पसरून पान मांडलं गेलं. शेठजी वखारीतून परत आले तर त्यांच्या तक्क्याला टेकून पारोळ्याचा अडता वरण ओरपत होता.

“कोठावदे, हे काय चाललंय?”

“पान एकोणीस, शेठजी,” लीलाधर म्हणाला.

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी हिशेबात डोकं घातलं.

सूर्यास्ताच्या प्रकरणाने तर मला काळजी वाटू लागली. तिथे आबांना गेलेला मेसेज होता, ‘मोतीलाल-अमृतकार जेवण लीलाधरकडे सूर्यास्ताआधी’. आबा आले, पण एसटी वाटेत बंद पडल्यामुळे उशिरा. समोर ताट, खिडकीबाहेर सूर्य. आबा एक घास घ्यायचे, मान वळवून बाहेर पाहायचे आणि पुढचा घास घाईने घ्यायचे. सुगंधाबाई विचारत होत्या, “भाऊ, काय झालं? गाडी चुकते का?” आबा तोंडात घास ठेवून म्हणाले, “काही नही. तुन्हा नवऱ्यानी शेठना घरना नेम धरेल दिसस. चांगलं शे.” त्यांनी शेवटचा घास घेतला तेव्हा सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीमागे गेला होता. तो मावळला की नुसता टाकीमागे गेला, यावर आबा आणि लीलाधर यांचा वाद झाला आणि शेवटी लीलाधर गच्चीवर जाऊन पाहून आला.

तिथीच्या प्रकरणाला अक्षय्य तृतीया जवळ आली होती. आमच्याकडे ती आखाजी. या सणाला लेकीबाळी माहेरी जातात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात. लीलाधरने तिथीवर चालणारी आठवण म्हणून आखाजी निवडली आणि नेहमीची ओळ टाइप केली. आखाजीच्या दिवशी आबा आले ते फाटकातूनच बोलत आले.

“लीलाधरराव, आखाजीले बहीण भाऊना घर येस! तुम्हनी तऱ्हाच न्यारी. आठे बठ्ठं उलटं चालू शे!”

“मशीनने बरोबर तिथी धरली ना, आबा?”

“तिथी बरोबर शे. माणसं उलटी शेतस.” आबा जेवले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “सुगंधा, बॅग भर. आवतन तुम्हनं, ते मी पाळं. आते सण मन्हा.”

सुगंधाबाई पारोळ्याला गेल्या त्या आठवडाभर आल्या नाहीत. परतल्या तेव्हा हातावर मेंदी होती. भिंतीवरून माझ्या बायकोला सांजोऱ्या देताना म्हणाल्या, “झोका अजून त्याच कडुनिंबाला बांधतात हो. मी बसले तर भावजय म्हणे, फांदी सांभाळा!” त्या हसत होत्या. त्या रात्री लीलाधर मला म्हणाला, “नाना, हे पुस्तक मी का सुरू केलं?” मग म्हणाला, “आणि संपवू कसं?”

कारण शेवटून दुसरं प्रकरण होतं ‘प्रसंग काढून टाकणे’. ‘याद काढ’ लिहिलं की प्रसंग रद्द होतो आणि समोरच्याला तसा मेसेज जातो: ‘रद्द’. दिलेलं आवतन मागे घेणं, तेही मोतीलालआबांचं! लीलाधर ते प्रकरण कोरं ठेवून बसला. अखिल रोज विचारायचा.

“काका, नुसतं लिहून टाका ना. करून बघायची काय गरज आहे?”

“मग अखिलभाऊ, ‘रद्द’ झाल्यावर माणसाला काय वाटतं ते वाचणाऱ्याला कसं कळणार?”

“ते लिहायचंच नाहीये, काका!”

शेवटी लीलाधरने स्वतःचं नाव पार्टीयादीत घालून घेतलं. स्वतःला स्वतःकडे जेवायचं आवतन दिलं, आणि ते काढलं. त्याच्या मोबाइलवर ‘रद्द’ आलं. त्या दिवशी तो जेवला नाही. सुगंधाबाईंना वाटलं उपास आहे, म्हणून त्यांनी साबुदाण्याची खिचडी केली. त्याने तीही खाल्ली नाही. संध्याकाळी प्रकरणाखाली एक टीप लिहिली: ‘प्रसंग काढल्यावर दुपारी तीननंतर त्रास होतो.’ अखिलने ती टीप काढली. लीलाधरने छापखान्यात जाऊन ती परत घातली.

राहिलेलं शेवटचं प्रकरण ‘चुका’ सोपं होतं. चुकीची ओळ टाइप केली तर मशीन काय उत्तर देतं, एवढंच. त्याने टाइप केलं: ‘याद टाक मोतीलाल-अमृतकार जेवण लीलाधरकडे ३१-जून’. मशीनने उत्तर दिलं: ‘असा दिवस नाही’. मेसेज गेला नाही. लीलाधरला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा निश्चिंत झोप लागली.

पुस्तिका छापून आली. छपाईआधी मी त्याला शेवटचं सांगून पाहिलं होतं, की सगळीकडे मोतीलाल काढून अबक कर. तो म्हणाला, “मग पुस्तक खोटं होईल, नाना. अबक एकदाही जेवायला आला नाही.”

पावसाळ्यात एका शनिवारी जळगावला एका हॉलमध्ये डाळीच्या व्यापाऱ्यांपुढे कार्यक्रम झाला. समोर मोठा पडदा, अखिल बोलतोय, आणि प्रत्येक खुर्चीवर पुस्तिकेची एक प्रत. मी आणि लीलाधर शेवटच्या रांगेत होतो. पहिल्या रांगेत टोपी घालून मोतीलालआबा. अडत्यांनाही बोलावणं होतं, आणि ते आबांना दोन्ही वेळा मिळालेलं होतं.

पडद्यावर ओळ उमटली: ‘याद टाक मोतीलाल-अमृतकार जेवण लीलाधरकडे दर-रविवार’. सगळे मोतीलालआबांकडे वळले.

“आबा, तुमचं तर टाइमटेबल लागलंय!” एरंडोलचा एक डाळवाला ओरडला.

“पान चौदा बघा! पाच दिवस आधीपासून भूक लावतायत आबांना!”

“आमच्या मेहुण्याला पाठवा हो हा प्रोग्राम, तो वर्षातून एकदाही विचारत नाही!”

हॉल हसत होता. अखिलला वाटलं, कार्यक्रम रंगतोय. आबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला, पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या पानाशी आल्यावर त्यांची मान स्थिर झाली. ते उठले, पुस्तिका काखेत मारली आणि बाहेर पडले.

परतीच्या गाडीत पारोळ्याचा फाटा आला तेव्हा लीलाधरने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सुगंधाबाईंनी सकाळपासून चूल, म्हणजे गॅस आणि गोवऱ्यांची शेगडी, दोन्ही पेटवली होती. त्यांना काही माहीत नव्हतं. लीलाधरने मला बोलावून घेतलं होतं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आम्ही ओसरीवर बसलो. नेहमीची वेळ झाली.

रिक्षा आली. आबा उतरले. टोपी होती, पुडा नव्हता, पुस्तिका होती. ते पायरीशी आले आणि उभेच राहिले.

“भाऊ, बसा ना. बट्टी काढतेच आहे,” सुगंधाबाई आतून म्हणाल्या.

“बसनार नही. सुगंधा, तू बी बाहेर ये.” त्यांनी पुस्तिका उघडली. “लीलाधरराव, हाई काय शे?”

लीलाधर उभा राहिला. “नमुने आहेत, आबा.”

“कसाना नमुना?”

मी लीलाधरकडे पाहिलं. त्याला अजून काहीतरी गोलमाल सांगता आलं असतं. पण त्याने सरळ सांगितलं. “तुमचा. पहिल्या वेळी मी तुम्हाला खरं बोलावलं नव्हतं, आबा. ओळ टाइप करून पाहायची होती, आणि तुम्ही येणार नाही असं वाटलं म्हणून तुमचं नाव घातलं. मेसेज गेला ते मला ठाऊक नव्हतं. पुढचं सगळं ठाऊक होतं.”

सुगंधाबाईंच्या हातात चिमटा होता. त्या नवऱ्याकडे वळल्या. “म्हणजे पुस्तक लिहायचं म्हणून मी दर रविवारी कणीक मळली?”

“पहिल्या रविवारी हो. नंतर नाही.”

“आणि आखाजी?”

“आखाजी तिथीच्या प्रकरणात होती. पण ती मी मुद्दाम निवडली. पौर्णिमाही चालली असती.”

आबांनी हात वर करून दोघांना गप्प केलं. “ते ऱ्हाऊ द्या. पहिलं आवतन गेलं, दुसरं गेलं, मी उनू, जेवनू. खरं-खोटं काय ऱ्हायनं त्यात? मी ते इचारत नही.” त्यांनी शेवटचं पान उघडून बोट ठेवलं. “मी हाई इचारस. एकतीस जून. मोतीलाल अमृतकार, जेवण, लीलाधरकडे. आठे छापेल शे. मी त्या दिवशी उनू का?”

लीलाधरला समजेना. “नाही, आबा.”

“नही ना! बठ्ठा खान्देश हाई वाची ऱ्हायना. एरंडोल वाची ऱ्हायनं, अमळनेर वाची ऱ्हायनं. काय म्हनतीन? मोतीलालले आवतन व्हतं आनि तो गया नही! मन्हा जल्ममा असं कधी झायं नही. जठे बलावं तठे मी गऊ, नही बलावं तठे नही गऊ. रातभर झोप नही लागनी माले.”

“पण आबा, एकतीस जून असा दिवसच नसतो.”

“दिवस नही, तर मंग आवतन कसाले दिधं?”

लीलाधर माझ्याकडे वळला. मी वाणिज्य शाखेचा माणूस; जूनचा ताळेबंद मी तीस तारखेला बंद करतो आणि पुढे पाहत नाही.

“ते चुकीचं आवतन होतं, आबा,” लीलाधर म्हणाला. “चूक कशी दिसते ते दाखवायला मुद्दाम दिलेलं.”

“चूक तुम्हनी, आनि नाव मन्हं?”

“हो.”

“मंग दुरुस्त करा. आणि बठ्ठास्ले कळाले पाहिजे. तव्हढं झायं की मी बसस.”

लीलाधर आत गेला आणि कागद घेऊन आला. ओसरीच्या कठड्यावर ठेवून लिहू लागला. आबा त्याच्या खांद्यावरून वाचत होते, आणि मला म्हणाले, “नाना, तुम्हीन बी देखा. तुम्हीन हिशोबना माणूस.” शुद्धिपत्र असं तयार झालं: ‘चुका या प्रकरणात श्री. मोतीलाल अमृतकार, पारोळा, यांना दिलेले जेवणाचे आवतन कॅलेंडरात नसलेल्या दिवसाचे होते. सदर दिवशी ते आले नाहीत, यात त्यांचा कोणताही दोष नाही.’

“‘कोणताही’ बरं शे,” आबा म्हणाले. त्यांनी टोपी सारखी केली आणि पायरी चढले. “छापी कव्हय?”

“उद्याच. जितक्या प्रती वाटल्या तितक्या जातील. पोस्टाने.”

“अमळनेरले पहिले धाडा. तठे लोक फार बोलतस.”

सुगंधाबाई अजून दारातच होत्या. नवऱ्यावरचा राग गेला होता असं मी म्हणणार नाही. पुढे आठवडाभर भिंतीपलीकडे फारसं बोलणं ऐकू आलं नाही. पण तेव्हा त्या कागदाकडे पाहत होत्या.

“त्यात आणखी एक ओळ घाला,” त्या म्हणाल्या.

“काय?” लीलाधरने विचारलं.

“बाकी प्रत्येक वेळी ते आले.”

लीलाधरने ती ओळ लिहिली. सुगंधाबाईंनी चिमट्याने शेगडीतली बट्टी काढली, राख झटकली, भावाच्या ताटात कुस्करली आणि वर तुपाची धार धरली. आबा नको नको म्हणत होते, आणि ताटावर आडवा धरलेला हात हळूहळू बाजूला घेत होते.